अठरा दिवस कुठे गेले? बाळाच्या वाढीचं एक ॲप आणि एक विकास तपासणी केंद्र

ॲपला दोन तारे, केंद्राला साडेचार. घाईत असाल तर एवढं पुरे. पण तुमचं बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर पुढचं वाचा, कारण ॲपचे तीन तारे मी ज्यासाठी कापलेत ती चूक तुमच्याही फोनमध्ये गुपचूप चालू असू शकते.

नावं देत नाही. ॲपचं देत नाही कारण ही चूक करणारं ते एकटंच असेल असं मला वाटत नाही. केंद्राचं देत नाही कारण तिथे आधीच बसायला खुर्ची मिळत नाही.

मी पगारपत्रकं करते. कोण कोणत्या तारखेला रुजू झालं, कुणाचे किती दिवस भरले, कुणाचे कापायचे. सोळा वर्षं दिवस मोजण्यावरच माझं पोट चाललंय. लेक ८ फेब्रुवारी २०२३ला झाली, २९ आठवडे ३ दिवसांची. वजन १,१८० ग्रॅम. ड्यू डेट होती २३ एप्रिल. म्हणजे १० आठवडे ४ दिवस आधी, सरळ सांगायचं तर ७४ दिवस. बावन्न दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढून १ एप्रिलला ती घरी आली. कागदोपत्री वय पावणेदोन महिने, आणि खरं तर जन्मायलाच अजून बावीस दिवस बाकी होते.

घरी सोडताना दिलेल्या कार्डावर वयाच्या दोन ओळी होत्या. एक जन्मतारखेपासूनची, दुसरी ‘करेक्टेड’, म्हणजे ड्यू डेटपासूनची. डॉक्टरांनी दुसरीखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाले, “मान धरली का, हसली का, पालथी पडली का, हे सगळं या ओळीवरून बघायचं. पहिली ओळ बघून रात्री जागायचं नाही.” मी मान डोलावली. रात्री जागायची ती जागलेच.

त्यात आमच्या जाऊबाईंना २० एप्रिलला मुलगा झाला. वेळेवर, गुटगुटीत. घरात दोन पाळणे आले आणि तुलना आली. सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या तोंडी एकच, “अगं, तो हिच्यापेक्षा अडीच महिन्यांनी धाकटा, तरी बघ कसा मान वळवतो.” मी दर वेळी सांगायचे की आई, तो धाकटा नाही, दोघं एकाच आठवड्यातली आहेत. त्या म्हणायच्या, “असं कसं? हिचा जन्म मी पाहिलाय ना.” यावर काय बोलणार! (पुढे पालथी पडली ती लेक, त्याच्या आठ दिवस आधी. बसायला तो तीन आठवडे आधी शिकला. दोन्ही वेळा घरात कुणी तारीख लिहून ठेवली नाही, मी सोडून.)

तर ॲप. ऑक्टोबरात नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणी तरी सुचवलं म्हणून घेतलं. चांगलं ते आधी सांगते. दिसायला साधं आहे. प्रत्येक टप्प्याला छोटा व्हिडिओ आहे, म्हणजे ‘हातावर भार देऊन बसणं’ म्हणजे नेमकं कसं दिसतं ते कळतं. शब्द वाचून मला ते कधी कळलं नसतं. दूध, झोप, वजन यांची नोंद एका बोटाने होते, आणि ती मध्यरात्री एका हातावर मूल असताना करून पाहिलेली आहे. सगळ्या नोंदींचा एक कागद काढून डॉक्टरांना देता येतो. आणि मुख्य म्हणजे सुरुवातीलाच विचारतं, ‘बाळ वेळेआधी जन्मलं का? कितव्या आठवड्यात?’ मला वाटलं, चला, कुणाला तरी कळलं. २९ निवडलं. वरचे ३ दिवस टाकायला जागा नव्हती, फक्त पूर्ण आठवडे. पगारपत्रकात कुणाचे तीन दिवस असे गिळले तर माझ्या टेबलापाशी रांग लागेल. पण म्हटलं, जाऊ दे.

८ नोव्हेंबरला लेक कॅलेंडरने नऊ महिन्यांची झाली आणि ॲपने नवी यादी पाठवली. दहा प्रश्नांपैकी चारांवर लाल ठिपका. आधाराशिवाय बसते का? नाही. पोटावर पुढे सरकते का? नाही. खाली ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ असं बटण. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पहाटे दूध पाजताना वर कोपऱ्यातलं बारीक अक्षर दिसलं. करेक्टेड वय: ७ महिने ३ दिवस.

नऊ महिन्यांतून ७४ दिवस वजा केले तर ७ महिने ३ दिवस कसे येतील? २३ एप्रिलपासून ८ नोव्हेंबर म्हणजे ६ महिने १६ दिवस. मी दोनदा मोजलं, मग कॅलेंडरवर बोट ठेवून तिसऱ्यांदा मोजलं. अठरा दिवस जास्त दाखवत होतं. तीन दिवसांची गोष्ट असती तर समजलं असतं की आठवड्यांच्या गोळाबेरजेत गेले. आणि ते गिळलेले तीन दिवस तर उलट बाजूला जातात, त्याने वय आणखी कमी दिसायला हवं होतं. अठरा कुठून आले?

मग मी ऑफिसात एखाद्या चुकीच्या बिलाचं जे करते तेच केलं. खोटी बाळं तयार केली. त्याच जन्मतारखेचं, ३६ आठवड्यांचं: ॲपने एक आठवडा वजा केला. ३५चं: दोन आठवडे. ३७चं: ‘आपलं बाळ पूर्ण दिवसांचं आहे, दुरुस्तीची गरज नाही.’ सापडलं. ॲप ३७मधून वजा करत होतं. ३७ वजा २९, आठ आठवडे. मोजणी सुरू व्हायला हवी २३ एप्रिलपासून, आणि ॲपने ती ५ एप्रिलपासून धरली होती.

ही चूक कशी होते ते मला नंतर केंद्रात समजलं आणि समजल्यावर ॲप बनवणाऱ्यांची थोडी कीवच आली. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालेलं बाळ ‘प्रीटर्म’, ही व्याख्या सगळीकडे छापलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच आहे: २८च्या आत अतिशय लवकर, २८ ते ३२च्या आत बरंच लवकर, ३२ ते ३७च्या आत मध्यम आणि थोडं लवकर. पण ३७ ही नाव द्यायची रेघ आहे. वय मोजायचं शून्य नाही. वाढीच्या याद्या ज्या मुलांवरून बनतात ती साधारण चाळीस आठवड्यांच्या आसपास जन्मलेली असतात, म्हणून वजाबाकी ४०मधूनच करायची. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एएपीने, २००४मध्ये या सगळ्या वयांच्या व्याख्या एका कागदावर लिहून काढल्या, त्यातही हेच आहे: ४० आठवड्यांच्या जितके आठवडे आधी जन्म, तितके कॅलेंडरच्या वयातून वजा. आठवड्यांत मोजायचं नसेल तर त्याहून सोपं म्हणजे जन्मतारीख विसरा, ड्यू डेट घ्या आणि तिथून पुढे मोजा. महिना चार आठवड्यांचा की तीस दिवसांचा ही भानगडच उरत नाही.

अठरा दिवसांनी काय एवढं बिघडतं, असं नवरा म्हणाला. आपल्यासारख्या माणसाचं काहीच नाही. साडेसहा महिन्यांच्या जिवाचं बिघडतं, कारण तपासणीच्या याद्या टप्प्याटप्प्याने असतात आणि अठरा दिवसांत टप्पा ओलांडला जातो. आमच्या केंद्रात वापरतात ती ‘एजेस अँड स्टेजेस’ ही प्रश्नावली, एएसक्यू म्हणतात तिला. त्यात सहा महिन्यांचा कागद ५ महिने ० दिवस ते ६ महिने ३० दिवस या वयासाठी आहे. ७ महिने पूर्ण झाले की आठ महिन्यांचा कागद. माझी लेक सहाच्या कागदात होती. ॲपच्या हिशेबाने ती आठच्या कागदात गेली असती.

ॲपवाल्यांना सगळं लिहून पाठवलं, खोट्या बाळांच्या स्क्रीनशॉटसह. चार दिवसांनी उत्तर आलं: आपल्या बाळाचं वय योग्य दाखवलं जात आहे, प्रत्येक बाळ आपल्या गतीने वाढतं. हे दुसरं वाक्य मला आता ऐकवत नाही. गती मी विचारलीच नव्हती, वजाबाकी विचारली होती.

पण तीनपैकी दोन तारे मी वजाबाकीसाठी कापलेले नाहीत, लसींसाठी कापलेत. ‘वेळेआधी जन्म’ची खूण केल्याबरोबर ॲपने लसींच्या आठवणीही आठ आठवडे पुढे ढकलल्या. हे साफ चूक आहे. लस जन्मतारखेच्या वयाने द्यायची असते. लवकर झालेल्या बाळांना तर संसर्गाचा धोका जास्त, त्यांना उशीर करून कसं चालेल? अगदी कमी वजनाच्या बाळांच्या एखाद्या लसीचा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात, पण तो डॉक्टर घेतात, ॲपचं बटण नाही. आमच्याकडे लसीचं कार्ड होतं, तारखा त्यावर होत्या, म्हणून काही चुकलं नाही. ज्यांचा सगळा भरवसा फोनवर त्यांचं काय?

तसंच डोळ्यांचं. लेकीच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी ती एनआयसीयूत असतानाच झाली, करेक्टेड वय शून्य व्हायच्याही कितीतरी आधी. तिथे ड्यू डेटची वाट बघत बसणं म्हणजे तपासणीची वेळच घालवणं. सांगायचं एवढंच की वयाचं बटण एकच असून चालत नाही. वाढ, वजन, उंची, डोक्याचा घेर, बसणं-बोलणं हे करेक्टेडने, लस जन्मतारखेने. ॲपने एकच बटण दिलं आणि ते सगळ्याला लावलं.

आता केंद्राबद्दल. एनआयसीयूतूनच चिठ्ठी मिळाली होती. पहिला फोन केला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, “ड्यू डेट काय होती?” जन्मतारीख नंतर. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. आज वाटतं, साडेचारपैकी दोन तारे तिथेच दिले मी.

पहिली मोठी तपासणी त्यांनी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली. मी म्हटलं, इतक्या उशिरा? ती साडेपाच महिन्यांची होईल. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, “ताई, माझ्यासाठी ती तीन महिन्यांची असेल. मला ते वय हवंय.” तपासणी म्हणजे काय, तर लेकीला उताणं ठेवायचं, अंगावर कमी कपडे, जागी आणि शांत असताना, खेळणं नाही, आईचं बोलणं नाही, आणि तीन-चार मिनिटं वरून व्हिडिओ. बस्स. मला वाटलं, याच्यासाठी एवढा अट्टहास? पण त्या वयात निरोगी बाळाच्या मानेत, खांद्यात, मनगटात, घोट्यात सतत बारीक बारीक गोलसर हालचाली चाललेल्या असतात. ‘फिजेटी’ म्हणतात त्यांना. प्रेश्टल या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आहे. त्या हालचाली ड्यू डेटनंतर साधारण तीन ते पाच महिन्यांच्या काळात स्पष्ट दिसतात आणि मग हेतूने केलेल्या हालचालींत विरघळून जातात. त्या नसतील तर सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम होतो त्याचा, संशय खूप लवकर घेता येतो. आता बघा, आम्ही कॅलेंडर धरून तीन महिन्यांनी, मे महिन्यात गेलो असतो तर ती पंधरा दिवसांची असती. काहीच दिसलं नसतं आणि आम्ही घाबरून घरी आलो असतो.

व्हिडिओ चांगला निघाला. मॅडमनी तो मला स्क्रीनवर दाखवला आणि मनगटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे बघा, हे.” मला आधी काही दिसलं नाही. मग दिसलं आणि मग दिसायचं थांबेना. घरी येऊन मी जाऊबाईंच्या मुलाचंही मनगट बघत बसले होते, त्या म्हणाल्या, “काय गं, काय झालं?”

नोव्हेंबरच्या त्या लाल ठिपक्यांनंतर तीन दिवसांनी मी केंद्रात गेले, वेळ न घेता, डोळे सुजलेले. मॅडमनी ॲप बघितलं, हसल्या नाहीत. सहा महिन्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. एएसक्यू ओरेगॉन विद्यापीठातून आलेली प्रश्नावली आहे, तिची तिसरी आवृत्ती २००९ची. पाच भाग: बोलणं-समजणं, मोठ्या हालचाली, बारीक हालचाली, अडचण सोडवणं, आणि स्वतःचं नि इतरांशी वागणं. प्रत्येक भागात सहा प्रश्न. ‘हो’ला १०, ‘कधी कधी’ला ५, ‘अजून नाही’ला ०. म्हणजे एका भागात जास्तीत जास्त ६०. पालकाने भरायचं, पंधरा मिनिटांचं काम. बाळ तीन आठवडे किंवा जास्त आधी झालेलं असेल तर २४ महिन्यांपर्यंत वय दुरुस्त करून मग कागद निवडायचा, हा नियम त्यातच आहे.

मला आवडलं ते हे की एका ‘नाही’वर काही ठरत नाही. सहा प्रश्नांची बेरीज बघतात आणि ती सरासरीपासून किती खाली आहे ते बघतात. दोन प्रमाण विचलनं (मुलांचे गुण सरासरीभोवती साधारण किती पसरतात त्याचं माप) खाली गेली तर पुढच्या तपासणीला पाठवतात. एक ते दोनच्या मधे असेल तर करडा पट्टा: घरी काय करून घ्यायचं ते सांगतात आणि पुन्हा बघतात. लेक मोठ्या हालचालींत करड्या पट्ट्याच्या जरा वर होती, बाकी चारांत निवांत. ज्या मुलीला ॲपने चार लाल ठिपके दिले होते तीच ही, फक्त तिच्या वयाचा कागद पुढे ठेवलेला.

‘कधी कधी’ या खान्याबद्दल एक कबुली देते. आई म्हणून तिथे खूप लबाडी करता येते. एकदा चुकून झालं तेही ‘कधी कधी’ आणि मी मनात धरलं तेही ‘कधी कधी’. मॅडमना हे माहीत असतं. त्या प्रश्न वाचतात, माझं उत्तर ऐकतात आणि मग काही न बोलता लेकीपुढे ठोकळा ठेवतात.

यावरून जानेवारीची गोष्ट. १२ जानेवारी, करेक्टेड ८ महिने २० दिवस, आठचा कागद. मी तो आत्मविश्वासाने भरला. पाचही भाग वरच्या पट्ट्यात. शेवटी काही प्रश्न गुणांशिवायचे असतात, त्यातला एक: बाळ दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखेच वापरतं का? मी ‘हो’वर खूण केली. खरं सांगते, वाचलंही नाही नीट. मॅडमनी ठोकळा लेकीच्या डाव्या हाताशी ठेवला. तिने उजवा हात पोटावरून पलीकडे नेऊन उचलला. पुन्हा डावीकडे ठेवला. पुन्हा उजवा. मग मॅडमनी उजवा हात हळूच धरून ठेवला. डाव्याची मूठ उघडलीच नाही, लेक रडायला लागली.

मी लगेच म्हटलं, “ती लवकर झालीय ना मॅडम, करेल हळूहळू.” दहा महिन्यांत मी हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं होतं की ते आपोआप तोंडातून आलं. मॅडम म्हणाल्या, “ताई, हे त्या खात्यात टाकायचं नाही. वय दुरुस्त केलं तरी दोन हात सारखेच चालायला हवेत. वर्षाच्या आत एकच हात पुढे येतो तेव्हा आम्ही उजवा-डावखुरा असं म्हणत नाही, दुसऱ्या हाताला काय झालं ते बघतो.”

मला तो दिवस ॲपच्या रात्रीपेक्षा जड गेला. तेव्हा निदान वजाबाकी चुकीची होती. या वेळी वजाबाकी बरोबर होती, गुण चांगले होते, आणि मी स्वतःच्या हाताने ‘हो’ लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यापासून फिजिओ सुरू झाली. उजव्या हाताला पातळ मोजा घालून खेळायचं, डाव्याला संधी द्यायची, रोज दोनदा. मज्जासंस्थेची तपासणी झाली, डाव्या बाजूला स्नायू थोडे ताठ निघाले, पण फार नाही. करेक्टेड चौदा महिन्यांना ती दोन्ही हातांनी डबा उघडत होती. डावा अजून जरा आळशी आहे आणि आमची ये-जा चालू आहे. कुणी मला म्हणालं की ‘लवकर झालेली मुलं करतात मागाहून’ तर आता मी विचारते, काय करतात? कुठल्या हाताने?

केंद्राचा अर्धा तारा कशाने गेला? वाट बघण्याने. दिलेल्या वेळेनंतर दीड तास हा नेहमीचा अनुभव, आणि झोपेची वेळ टळलेलं मूल कुठलाच ठोकळा उचलत नाही, मग ‘आज नीट झालं नाही, परत या’. प्रश्नावलीच्या झेरॉक्सची झेरॉक्स इतकी फिकट की ‘कधी कधी’चा खाना दिसत नाही. आणि गंमत म्हणजे त्यांची तपासणीच्या तारखेचे मेसेज पाठवणारी यंत्रणा जन्मतारखेवर चालते. ‘आपल्या बाळाची १८ महिन्यांची तपासणी’ असा मेसेज मला अडीच महिने आधी आला. काउंटरवरच्या बाई सगळ्यांच्या फायलींवर पेन्सिलीने खरी तारीख लिहून ठेवतात. त्या रजेवर असल्या की गोंधळ. एखाद्या बाईच्या पेन्सिलीवर अख्खं केंद्र चालतं हे मला ऑफिसातही दिसतं, त्यामुळे नवल वाटलं नाही, पण अर्धा तारा कापला.

८ फेब्रुवारी २०२५ला लेक दोन वर्षांची झाली आणि ॲपने पुन्हा एक करामत केली. आदल्या दिवशीपर्यंत वजा करत होतं, त्या सकाळी वजाबाकी गायब. त्याच्या लेखी ती एका रात्रीत दोन महिन्यांनी मोठी झाली आणि ‘आता बोलायला हवेत’ अशा शब्दांची यादी समोर. २४ महिन्यांना थांबायचं हा नियम खोटा नाही, एएसक्यूत आहे, डेन्व्हर नावाच्या बाळांच्या जुन्या विकास-चाचणीतही दोन वर्षांपर्यंतच दुरुस्ती करत. एएपीच्या त्या २००४च्या कागदात मात्र करेक्टेड वय तीन वर्षांपर्यंत वापरायचं म्हटलंय. म्हणजे रेघ कुठे मारायची यावर सगळ्यांचं एकमत नाही.

मी माझ्या पद्धतीने मांडून पाहिलं. ७४ दिवस हे नऊ महिन्यांच्या वयाचे २७ टक्के. दोन वर्षांच्या वयाचे १०. पाच वर्षांच्या वयाचे ४. फरक संपत नाही, त्याचं वजन कमी होत जातं. म्हणून दोन वर्षांनी सोडला तरी बहुतेकांचं चालतं. माझ्या लेकीपेक्षाही आधी, पंचवीस-सव्वीस आठवड्यांना झालेल्या बाळांच्या आयांनी मात्र हे आपल्या डॉक्टरांशी नीट बोलून घ्यावं, त्यांचे दिवस शंभराच्या आसपास जातात आणि दोन वर्षांनाही ते थोडे नाहीत.

केंद्राने काय केलं? अहवालावर दोन्ही वयं लिहिली, दोन्ही कागदांवर गुण काढले आणि खाली लिहिलं की बोलण्यात कॅलेंडरच्या वयाने जरा मागे, करेक्टेडने बरोबर, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मला हे फार पटलं. सासूबाईंना तो अहवाल वाचून दाखवला. त्यांनी दोन्ही आकडे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे दोघं एकाच वयाची, असंच ना?” दोन वर्षांनी का होईना.

ॲप अजून फोनमध्ये आहे, मुख्यतः फोटोंसाठी. गेल्या अपडेटनंतर खोटी बाळं पुन्हा करून पाहिली. आता ते ४०मधून वजा करतं आणि दिवस टाकायलाही जागा दिलीय, म्हणून एकाचे दोन तारे केले. लसीची आठवण मात्र अजूनही उशिरा येते. त्यांना पुन्हा लिहिलंय. उत्तर आलं तर इथे टाकीन.